आमचा जुळा

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

दादा गेल्यावर थांबवलेलं शिवणाचं काम पुन्हा सुरू केलंस असं कळलं. बरं वाटलं. हात चालते राहिले की डोकं जरा गप्प बसतं.

एका कामासाठी लिहितेय. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेबाहेरच्या पॅसेजमध्ये काचेचं मोठं कपाट येतंय. त्यात स्फटिकांचे नमुने मांडायचे आहेत. सरांनी मला विचारलं, "तुमच्या भावाचा संग्रह होता ना?" मी म्हटलं, "होता काय, आहे." कपाटावर दादाचं नाव घालायला ते तयार आहेत. चष्म्याच्या काचा घासणाऱ्याचं नाव कॉलेजच्या भिंतीवर! दादाने ऐकलं असतं तर आठवडाभर माझी टर उडवली असती.

मी सगळं मागत नाही. मला फक्त आमचा जुळा हवाय. खिडकीजवळच्या फळीवर आहे बघ, एका बुडातून फुटलेले दोन चपटे स्फटिक, बदामाच्या आकाराचे. असा जुळा लोकांना जन्मभर खणून मिळत नाही. मला मिळाला. माझं लग्न मोडलं त्या वर्षी खाणीतल्या लाल मातीतून मी तो स्वतःच्या हातांनी काढला. दादा पलीकडे बसून डबा उघडत होता. मी अशी किंचाळले की त्याच्या हातातलं झाकण घरंगळत खाली गेलं. आपल्या वाट्याला आता काही चांगलं यायचं नाही, असं मी धरून चालले होते, वहिनी. त्या दिवसापासून तसं वाटेनासं झालं.

माझी खोली लहान म्हणून तो तुमच्याकडे राहिला, इतकंच. कापसात गुंडाळून पाठवशील? की मी येऊ?

तुझी,
ठिणगी

२१ जानेवारी

वन्सं,

कपाटावर ह्यांचं नाव येतंय हे वाचून बरं वाटलं. पुढच्या ओळीत 'आमचा जुळा' वाचलं आणि पत्र मशीनच्या खणात टाकून दिलं. ते आज बाहेर काढतेय.

आमचा म्हणजे कोणाचा हो? सुट्टीच्या दिवशी तुम्ही दोघं उजाडायच्या आत निघायचात. डबे मी भरायचे. संध्याकाळी मातीने माखून यायचात, मोरी तुंबवायचात आणि जेवणाच्या टेबलावर गारगोट्या मांडून भिंग एकमेकांना द्यायचात. मी ताटं घेऊन उभी. "जरा सरकवा" म्हटलं की दोघंही माझ्याकडे असं बघायचात, जशी मी वर्गात उशिरा आलेली मुलगी. ठिणगी हे नावही ह्यांनीच ठेवलं ना तुम्हाला? गारगोटीवर गारगोटी घासली की पडते ती. मला ह्यांनी नाव ठेवलं नाही. नावं ठेवली, ती वेगळी गोष्ट.

फळी ह्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आहे. मला स्टुलावर चढून पुसावी लागते. ती मी खाली घेणार नाही, आणि जुळाही तिथून हलणार नाही. दुसरं काय हवं ते न्या. पलंगाखाली खोकंभर दगड आहेत, झाडताना रोज बोटाला लागतात.

तुमची,
वहिनी

२ फेब्रुवारी

वहिनी,

रागावलीस. गारगोटी म्हण, हरकत नाही, खरं नाव तेच आहे.

जुळा पाठवू नकोस, पण तो धड आहे का तेवढं तरी कळव. दादाचं भिंग घे. ते डोळ्याला अगदी टेकवायचं आणि दगड जवळ आणायचा, उलटं नाही. दोन्ही टोकं शाबूत आहेत का बघ. टोकाच्या पैलूंवर बारीक त्रिकोणी खळगे दिसतील, ते पडलेले नाहीत, जन्माचेच आहेत. बाजूंवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा असतात. दोन स्फटिक जिथे सांधतात तिथे दोन्हीकडच्या रेघा तिरक्या येऊन मिळतात, पक्ष्याच्या पिसासारख्या. ती शिवणच जुळ्याचं सगळं देखणेपण.

मी लिहितेय खरं, पण इतक्या वर्षांत तू एकदा तरी भिंग डोळ्याला लावलंस का? दादा म्हणायचा, "तिला यातलं काही दिसत नाही." रागाने नाही म्हणायचा. तरी म्हणायचा.

ठिणगी

११ मार्च

वन्सं,

'तिला यातलं काही दिसत नाही.' हे वाक्य मी बरेच दिवस चघळलं. ह्यांनी म्हटलं असेल. पण ते तुमच्यापाशी कशाला म्हणायचं? माझ्यापाशी म्हणायचं होतं. मी तिथल्या तिथे बघितलं असतं.

तर मी वाचनालयात गेले. खनिजांवरचं पुस्तक मागितलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "मुलांच्या प्रकल्पाला का?" म्हटलं, "नाही, नणंदेला उत्तर द्यायचंय." त्यांनी एकाऐवजी दोन पुस्तकं दिली आणि मुदतही वाढवून दिली. त्यांनाही नणंद असणार.

भिंगाच्या कडेला काच घासायच्या तांबड्या पुडीचा वास अजून आहे. सुरुवातीला मी नुसता वासच घ्यायचे आणि भिंग परत ठेवायचे. मग बघायला लागले.

वन्सं, तुम्ही दोघांनी मला सांगितलं का नाही? पलंगाखालच्या खोक्यात एक लांबट स्फटिक आहे. त्याच्या पोटात तोच स्फटिक लहानपणीचा उभा आहे, टोकासकट, हिरवट धुळीने रेखलेला. पुस्तकात लिहिलंय, वाढता वाढता तो थांबला, अंगावर धूळ बसली, मग पुन्हा वाढायला लागला. आणखी एकात पाण्याचा थेंब अडकलाय. दगड कलता केला की थेंबातला बुडबुडा सावकाश वर चढतो. दुपारी गणवेशाच्या बाह्या बाजूला ठेवून मी तो बुडबुडा इकडून तिकडे फिरवत बसते. हे सगळं माझ्या पलंगाखाली होतं आणि मी त्यावर केरसुणी मारत होते. सगळी मजा तुम्ही दोघांनी लुटली. दुसऱ्याचं बघून पोटात दुखतं म्हणतात ना? मला खरोखर बरगडीखाली दुखलं.

आता तुमच्या जुळ्याविषयी. टोकं शाबूत, खळगे जागेवर. पण ती पिसासारखी शिवण काही मला दिसली नाही. एका बाजूच्या रेघा दाट आहेत, दुसऱ्या बाजूच्या विरळ. शिवणीपाशी येऊन दोन्ही एकमेकींना ओळखच दाखवत नाहीत. मी शाळांचे गणवेश शिवते. चौकड्याच्या कापडावर रेघेला रेघ मिळाली नाही तर शाळेच्या बाई झगा परत पाठवतात. हे दोन कापडांचे दोन तुकडे आहेत, वन्सं. कोणीतरी जोडलेत.

ज्याच्यासाठी मला पत्रावर पत्र येतंय तो तुमचा हजारात एक जुळा चिकटवलेला आहे. मला यातलं काही दिसत नाही म्हणे.

वहिनी

१७ मार्च

वहिनी,

दोन पुस्तकं वाचून तू माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस खोटा ठरवायला निघालीस. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

स्फटिक म्हणजे कापड नव्हे. दोन्हीकडच्या रेघा सारख्याच दाट असायला हव्यात असा काही नियम नाही. शिवण कधी स्पष्ट दिसते, कधी नाही. आणि चिकटवला कोणी? कोणाला फसवायला? विकत घेतलेला असता तर मीही संशय घेतला असता. बाजारात चिकटवलेले येतात. पण हा मी मातीतून काढलाय! माझ्या नखांत लाल माती होती. दादा साक्षीला होता, आणि दादा फसवणारा माणूस नव्हता.

तुला खात्रीच हवी असेल तर लाव पैज. हार्डवेअरच्या दुकानातून ॲसिटोन आण. झाकणाच्या काचेच्या बरणीत जुळा बुडवून ठेव. खिडकी उघडी ठेव, गॅसजवळ नेऊ नकोस. डिंक असेल तर सुटेल, दगड असेल तर काही होणार नाही. जुळा टिकला तर मुकाट्याने मला पाठवायचा. सुटला तर तुझा. पुन्हा कधी त्याचं नाव काढणार नाही.

ठिणगी

२४ मार्च

वन्सं,

लागली पैज. बरणी खिडकीत ठेवलीय. दुकानदाराने विचारलं, "रंग काढायचाय का?" म्हटलं, "हो, एका बाईच्या तोंडचा."

वहिनी

२० एप्रिल

वहिनी,

महिना होत आला. तुझं एक अक्षर नाही. कपाट आलं. मधल्या कप्प्यात मी मखमल लावून जागा मोकळी ठेवलीय, तिथे दुसरं काही ठेवू देत नाही म्हणून सर माझ्यावर वैतागलेत.

जुळा टिकलाय, म्हणून तुझ्याने लिहवत नाही. बरोबर ना? हरण्यात लाज कसली? मी हसणार नाही. निदान पत्रात तरी नाही.

ठिणगी

२६ एप्रिल

वन्सं,

सुटला.

सुरुवातीला काही होईना. ॲसिटोन उडून जायचं, मी पुन्हा भर घालायचे. एकदा चमच्याने उचलायला गेले तर एक स्फटिक हळूच कलला, डुलकी लागलेल्या माणसाची मान कलते तसा. शिवणीत डिंकाचा पापुद्रा होता. तो निघाल्यावर दोन्ही दगडांच्या कडा दिसल्या. घासून सपाट केलेल्या, तिरप्या, काठाची धार किंचित मोडलेल्या, बोट कापू नये म्हणून. ही कड मी ओळखते. ह्यांनी घासलेल्या प्रत्येक चष्म्याला अशीच असायची.

आधी मी मोठ्याने हसले. शेजारीण विचारायला आली. तुम्हाला लिहायचं पत्र मनात तयारच होतं, चांगलं झणझणीत. कागद घेऊन बसले आणि तिथेच अडले. दगड ह्यांनी घासला, ह्यांनी जोडला. तुम्ही तो मातीतून काढला. मग मातीत गेला कसा?

तुमच्या आधी जाऊन ह्यांनी तो तिथे पुरला होता, वन्सं. तुम्हाला सापडावा म्हणून.

त्यानंतर मी हसले नाही. दुकानातून आल्यावर लोक पाय पसरतात. ह्यांनी दोन दगड निवडले असतील, कोन मोजला असेल, किती वेळा घासून बघितलं असेल. मग एवढ्या लांब जाऊन माती खणली, परत सारखी केली आणि तुम्हाला नेऊन बसवलं. माझ्यासाठी ह्यांनी कधी काही पुरून ठेवलं नाही. माझ्या वाढदिवसाला कात्रीला धार लावून द्यायचे.

खरं सांगते, तुम्हाला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. परत चिकटवून 'टिकला' म्हणून पाठवणार होते. तुमच्यावर माया म्हणून नाही. हे कळलं की तुम्ही आणखी श्रीमंत होणार, ते मला बघवत नव्हतं. पण मग ह्यांनी केवढं काय केलं, ते मला एकटीलाच ठाऊक राहिलं असतं. मला ते कोणाला तरी सांगायचं होतं. आणि ह्यांच्याबद्दल बोलायला तुमच्याशिवाय मला आहे कोण?

पैज मी जिंकले.

वहिनी

९ मे

वहिनी,

पत्र प्रयोगशाळेत उघडलं. वाचून झाल्यावर काचेच्या नळ्या धुवायला घेतल्या, धुतलेल्याच पुन्हा.

'तिथे नको, इथे खण, इथे मऊ आहे.' हे दादाचे शब्द. मी कॉलेजात नेऊन सरांना दाखवते म्हटलं की म्हणायचा, "राहू दे, हवा बदलली की दगड रुसतो." आणि मी, दिवसभर खनिजं हाताळणारी बाई, मान डोलवायचे! वहिनी, रेघा मी पहिल्याच दिवशी बघितल्या होत्या. मग पुन्हा तिथे भिंग नेलं नाही. का नेलं नाही, ते तू ओळखशील.

दर वर्षी नवीन मुलं आली की मी त्यांना जुळा सापडल्याची गोष्ट सांगते. सरांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मग कपाटात नाही ठेवता येणार." मधल्या कप्प्यात आता दुसराच नमुना आहे. मला तिकडे बघवत नाही.

पैज तू जिंकलीस. नाव काढणार नाही असं मीच म्हटलं होतं. तरी काढते. कपाटासाठी नाही, मला माझ्या खोलीत हवाय. जमिनीतून निघालेले जुळे जगात पुष्कळ असतील, दादाने केलेला एकच आहे. तो त्याने माझ्यासाठी केलाय.

आणि तू मला श्रीमंत म्हणतेस? तुझ्यासाठी पुरून ठेवायची गरजच काय होती? संध्याकाळी तो स्वतःच तुझ्याकडे यायचा. खाणीवरून येऊन तुमच्याकडे जेवले की मी माझी पिशवी घेऊन निघायचे. कोपऱ्यावरून मागे वळून बघावं तर तुमचं दार लागलेलं, आत दिवा, आणि त्याची हाक ऐकू यायची, "अगं." नुसतं "अगं." पुढे काही नाही. मला ठिणगी म्हणायचा, पण दिवसभर खणताना सुद्धा काही सांगायचं झालं की आधी तोंडातून तुझं "अगं" निघायचं आणि मग जीभ चावायचा. तुला हे कधी सांगितलं नाही. सांगवलं नाही.

दगड पाठव, वहिनी.

ठिणगी

१८ मे

वन्सं,

ते "अगं" वाचून मी मशीन बंद केलं. बाकीचं पत्र दुसऱ्या दिवशी वाचलं. तुम्ही हे इतकी वर्षं जवळ ठेवलंत. ठेवणारच. मीही ठेवलं असतं.

दगड पाठवणार नाही. कारण सांगते.

परवा जोडायला बसले. ह्यांच्या खणात दोन नळ्या मिसळून करायचा डिंक होता, तो वाळून खडा झालेला. नवा आणला. दोन्ही कडांना लावला आणि एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, असे टेकवून धरले. कोपर टेबलावर, अंगठे वरती, श्वास धरून. थोड्या वेळाने अंगठ्याच्या बुडाशी कळ आली, आणि त्या कळेबरोबर मला आठवलं की मी अशी आधीही बसलेय.

तुमचं लग्न मोडलं तेव्हाची गोष्ट. मी स्वयंपाकाला लागले होते. हे आले आणि म्हणाले, "अगं, हात रिकामे आहेत का? दगड मोडलाय, सांधतोय. असा धर. हलू नकोस." मी धरला. काय आहे ते बघितलंही नाही. दगडच होता, आमच्या घरात दगडांना काय तोटा! ह्यांनी जाड कागदाचा एक कोन कापून आणला होता, तो मध्ये लावून बघत होते. "जरा डावीकडे. बस्स." मग समोर खुर्ची ओढून बसले. दूध उतू गेलं, मी म्हटलं, "अहो, दूध!" म्हणाले, "जाऊ दे, तू सोडू नकोस." माझ्या नाकाला खाज सुटली. दोन्ही हात अडकलेले. ह्यांनी वाकून खाजवून दिलं, आणि मला इतकं हसू आलं की दगड हलला आणि पुन्हा पहिल्यापासून धरावा लागला.

डिंक धरेपर्यंत ते माझ्यासमोर बसून होते, वन्सं. दगडाकडे बघत नव्हते. तो माझ्या हातात होता म्हणून त्यांना काळजी नव्हती.

तुमच्या नखांत गेलेली माती ह्यांनी लोटलेली होती. पण तो धरलेला माझ्या हातांनी होता. तुमच्यासाठी केला, हे तुमचं खरं. आता माझंही ऐकलंत. मला तुमचा हेवा वाटायचा थांबलाय असं समजू नका. आजही वाटतोच. पण आता तो एकटा बसत नाही, त्याच्या शेजारी हेही येऊन बसतं.

आणि एवढं सगळं आठवेपर्यंत माझा हात हलला. वाकडा चिकटला. पुन्हा ॲसिटोनमध्ये घालून सोडवलाय. एकटीला तो कोन काही साधत नाही. कोन तुम्हाला ठाऊक आहे, धरायचं मला ठाऊक आहे. सुट्टी लागली की या. जुळा कोणाकडे राहायचा ते जोडून झाल्यावर भांडून ठरवू. मी सहज सोडणार नाही, तुम्हीही सोडू नका.

येताना जाड कागद आणा. आणि समोर बसावं लागेल. नाकाला खाज सुटली तर खाजवावं लागेल, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
वहिनी